गुडघ्यात इंजेक्शन घेण्याआधी

कापसाची वेचणी संपत आली, की गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ताई, आता गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय उठवत नाही." आज त्याच दुखण्याबद्दल बोलू, आणि त्यावर घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबद्दल.

गेल्या वर्षी आमच्या एका गटात एका काकूंनी ६,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. "गुडघ्यातलं वंगण संपलंय, इंजेक्शनानं भरायचंय," असं त्या म्हणाल्या. सगळ्याजणींनी हो म्हटलं. ठराव मीच लिहिला. दोन महिने काकू खुशीत होत्या, अगदी पाण्याची कळशीही उचलायला लागल्या. तिसऱ्या महिन्यात दुखणं परत आलं. पहिल्या कर्जाचे हप्ते चालू असतानाच त्यांनी दुसऱ्या इंजेक्शनासाठी पैसे मागितले.

तेव्हा त्यांच्या जाऊबाई बोलल्या. पहिल्या इंजेक्शननंतर चार-पाच दिवस काकूंना सारखी तहान लागायची, रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागायचं. काकूंना साखर आहे, हे गटात सगळ्यांना ठाऊक. पण इंजेक्शन देणाऱ्यांनी ते विचारलं नाही आणि काकूंनी सांगितलं नाही.

मी त्यांचा केसपेपर घेऊन उपजिल्हा रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वाचून सांगितलं, "यावर ट्रायमसिनोलोन लिहिलंय. हे वंगण नाही, स्टेरॉइड आहे." मी गप्प झाले. म्हैस घ्यायला कर्ज मागितलं तर आम्ही दूध किती, वेत कितवं, सगळं विचारतो. इंजेक्शनाचं मात्र साधं नावही विचारलं नव्हतं.

मैत्रिणींनो, 'गुडघ्यातलं इंजेक्शन' हा शब्द एक आहे, पण आतली औषधं वेगवेगळी असतात.

पहिलं स्टेरॉइड. हे सांध्यातली सूज कमी करतं. दोन-चार दिवसांत आराम पडतो आणि तो काही आठवडे, कधी दोन-तीन महिने टिकतो. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, यानं परत येत नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांची साखर काही दिवस वाढते. काकूंना तहान लागत होती ती त्यामुळेच. आणि हे पुन्हा पुन्हा घ्यायचं औषध नाही. अमेरिकेत गुडघेदुखीच्या १४० रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये छापून आला. निम्म्यांना दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड दिलं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन वर्षांनी दोन्हीकडचं दुखणं जवळपास सारखंच होतं, पण स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली होती.

दुसरं हायलुरोनिक ॲसिड. यालाच आपल्याकडे जेलचं किंवा वंगणाचं इंजेक्शन म्हणतात. आपल्या सांध्यातल्या पाण्यात हा पदार्थ मुळातच असतो, म्हणून बाहेरून भरला तर फायदा होईल अशी कल्पना आहे. काहींना थोडा आराम मिळतो. पण अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर फायदा फारच कमी दिसतो, आणि खर्च बराच होतो.

तिसरं पीआरपी. आपलंच रक्त काढून यंत्रात फिरवतात, त्यातला प्लेटलेटचा भाग वेगळा करून सांध्यात सोडतात. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर याची तपासणी झाली. वर्षभरानंतर पीआरपी घेतलेले आणि मिठाचं पाणी घेतलेले, यांच्या दुखण्यात मोठा फरक आढळला नाही. "नवीन गुडघा तयार होतो" असं कोणी म्हटलं, तर त्यावर कर्ज काढू नका.

आणि चौथं, सगळ्यात ओळखीचं, कमरेत दिलेलं दुखण्याचं इंजेक्शन. त्यानं दिवसभर बरं वाटतं. पण आत काय होतं हे न सांगता दर आठवड्याला कोणी टोचत असेल, तर थांबा. वेदनाशामक औषध वारंवार घेतलं तर पोटाला आणि किडनीला त्रास होतो. त्यात स्टेरॉइड असेल तर साखर, बीपी आणि हाडं, सगळ्यांवर परिणाम होतो.

मग इंजेक्शन घ्यायचंच नाही का? तसं नाही. योग्य दुखण्यावर, योग्य वेळी त्याचा चांगला उपयोग होतो. बोट वाकवलं की अडकतं आणि टक्कन सुटतं, त्यावर स्टेरॉइडच्या इंजेक्शननं अनेकींना आराम पडतो. खांदा आखडून ब्लाऊजच्या मागच्या हुकापर्यंत हात पोचत नाही, हे दुखणं साखर असणाऱ्यांत जास्त दिसतं, त्यातही सुरुवातीला उपयोग होतो. मनगटातली नस दाबून रात्री हाताला मुंग्या येतात, तिथेही काही काळ बरं वाटतं. कमरेतून पायात कळ जात असेल, तर मणक्याजवळ नसेभोवती इंजेक्शन देतात. त्याचा आराम थोड्या काळाचा असतो, आणि ते मोठ्या रुग्णालयात, यंत्रावर जागा पाहून देतात. साध्या दवाखान्यात ते घेऊ नका. पाय लुळा पडला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर मात्र वाट न बघता रुग्णालय गाठा.

इंजेक्शनाआधी चार प्रश्न विचारा. औषधाचं नाव काय? कशासाठी देताय? आराम किती दिवस टिकेल? एकूण किती वेळा घ्यायचं आणि सगळा खर्च किती? उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. आपणहूनही सांगा: साखर आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, ताप किंवा त्या जागी जखम आहे का, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय का. साखर असेल तर आधी तपासा, नंतरही आठवडाभर लक्ष ठेवा.

इंजेक्शननंतर एक-दोन दिवस थोडं दुखतं. पण सांधा लाल, गरम झाला, सूज वाढली, ताप आला, तर सांध्यात जंतू गेले असू शकतात. असं क्वचित होतं, पण झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हळद-चुना लावून बसू नका.

आता बिनपैशाची गोष्ट. अमेरिकेत १५६ रुग्णांपैकी निम्म्यांना स्टेरॉइड इंजेक्शन दिलं आणि निम्म्यांना फिजिओथेरपी. वर्षानंतर फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं कमी होतं आणि हालचाल चांगली होती. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. खुर्चीवर किंवा बाजेवर बसा. एक पाय समोर सरळ करा, मांडी आवळा, पाच आकडे मोजा, हळूच खाली घ्या. असं दहा वेळा, मग दुसरा पाय. दिवसातून दोनदा. फार दुखलं तर थांबा आणि विचारून घ्या.

काकूंनी दुसरं इंजेक्शन तेव्हा घेतलं नाही. डॉक्टरांनी आधी साखर आटोक्यात आणायला सांगितली आणि फिजिओथेरपीला पाठवलं. दुसऱ्या कर्जातून त्यांनी फक्त २,००० रुपये घेतले, जायच्या-यायच्या भाड्याला आणि भारतीय संडासावर ठेवायच्या खुर्चीला. गुडघा बरा झाला असं मी म्हणणार नाही. झीज आहे ती आहे, पायऱ्या उतरताना आजही त्या कठडा धरतात. पण बाजारापर्यंत चालत जातात.

आमच्या गटानं मात्र एक ठराव केला. इलाजासाठी कर्ज मागायला येणारीनं केसपेपर सोबत आणायचा आणि ते चार प्रश्न विचारलेत का, हे बैठकीत सांगायचं. एकटीला दवाखान्यात विचारायला संकोच वाटत असेल, तर गटातली एकजण सोबत जाते. हा ठराव तुमच्या गटातही मांडून बघा.