आकाशातून पाण्याचे वजन

पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण म्हणजे एक कायमचा, न बदलणारा आकडा, अशी आपल्यापैकी बहुतेकांची शाळेपासूनची समजूत असते. वस्तुतः हा आकडा जागोजागी किंचित निराळा असतो, आणि एकाच जागी तो महिन्यागणिक बदलतोही. भूगोलाचा विद्यार्थी या नात्याने मला या बदलाचे विशेष कुतूहल वाटते. कारण त्यात आपल्या देशाच्या पाण्याचा हिशेब दडलेला आहे.

ज्याला वस्तुमान आहे त्याला आकर्षण आहे, हा न्यूटनचा नियम. पाण्यालाही वस्तुमान आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. तेव्हा एखाद्या प्रदेशाच्या पोटातील पाणी उपसले गेले, की तेथील आकर्षण तेवढ्याने कमी झालेच पाहिजे. मात्र हा फरक अतिशय सूक्ष्म असतो. विस्तीर्ण प्रदेशाखालून एक मीटर जाडीचा पाण्याचा थर नाहीसा झाला, तरी गुरुत्वाकर्षण सुमारे सव्वादोन कोटींतील एका भागाने उतरते. मग हे मोजायचे कसे?

अमेरिका व जर्मनी यांनी मिळून १७ मार्च २००२ रोजी ‘ग्रेस’ नावाची उपग्रहांची जोडी अंतराळात सोडली. एकाच कक्षेत, एकामागोमाग, सुमारे २२० किलोमीटरांचे अंतर राखून हे दोन उपग्रह ध्रुवांवरून पृथ्वीप्रदक्षिणा करीत. त्यांच्या या पाठलागामुळे त्यांना ‘टॉम’ आणि ‘जेरी’ अशी गमतीची नावेही पडली होती. वाटेत जास्त वस्तुमानाचा प्रदेश आला, की पुढचा उपग्रह आधी ओढला जाई आणि दोघांतील अंतर वाढे. तो पुढे निघून गेला, की तेच आकर्षण त्याला मागे खेची आणि मागच्याला पुढे ओढी, अंतर घटे. हे अंतर मोजण्यासाठी दोघेही एकमेकांकडे सूक्ष्मलहरी, म्हणजे रेडिओच्याच जातीच्या विद्युत्चुंबकीय लहरी, सतत पाठवीत. आलेल्या लहरींचे चढउतार किती पुढेमागे सरकले यावरून अंतरातील काही सहस्रांश मिलिमीटरांचा फरकही कळे. आपला केससुद्धा त्याहून कितीतरी जाड असतो! विरळ हवेच्या विरोधामुळे पडणारा फरक वेगळा मोजून वजा केला जाई. उरलेल्या आकड्यांतून दर महिन्याला पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा एक नकाशा तयार होई. ही जोडी २०१७ साली थांबली. २०१८ च्या मे महिन्यात तिची जागा नव्या जोडीने घेतली. तिच्यावर सूक्ष्मलहरींबरोबर लेसर किरणांनीही अंतर मोजण्याची सोय आहे.

या नकाशांनी भारताबद्दल काय सांगितले? रॉडेल, वेलिकोग्ना आणि फॅमिलिएटी या तीन शास्त्रज्ञांनी २००९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा व दिल्ली या भागांतून सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल कायमचे खर्ची पडले, असा त्यांचा अंदाज होता. आपल्या कोयना धरणाच्या मापाने सांगायचे, तर ते काठोकाठ भरून सुमारे छत्तीस वेळा रिकामे करावे एवढे हे पाणी! विशेष म्हणजे त्या काळात पाऊस साधारण नेहमीइतकाच पडला होता. म्हणजे दोष आकाशाचा नव्हता. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा पंपांनी उपसा जास्त केला होता, मुख्यतः शेतीसाठी.

येथे विज्ञानाचा प्रश्न संपून आपल्या शाखेचा प्रश्न सुरू होतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या हक्काशी जोडले गेले आहे. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाच्या नियमनासाठी स्वतंत्र कायदा केला खरा. तथापि ‘माझ्या विहिरीचे पाणी माझे’ ही भावना मनांत घट्ट आहे. गुरुत्वाकर्षणाला मात्र सातबाऱ्याच्या हद्दी ठाऊक नाहीत. शेकडो शेतकऱ्यांनी आपापल्या हक्काने केलेला उपसा तेथे एकाच बेरजेत दिसतो.

या साधनाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. ते काही शे किलोमीटरांच्या प्रदेशाची बेरीज सांगते, एका गावाची नव्हे. शिवाय ती बेरीज नद्या, तलाव, ओलसर माती व भूजल या सर्वांची मिळून असते. बाकीचे वजा केल्यावरच भूजलाचा आकडा हाती येतो. आपला दख्खन तर काळ्या पाषाणाचा. येथे पाणी खडकाच्या भेगांत व झिजलेल्या थरांत साठते; त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींचीही पातळी जुळत नाही. म्हणून विहिरीत फीत सोडून पातळी मोजणाऱ्या माणसाचे काम उपग्रहाने संपलेले नाही. उलट दोन्ही मापे एकमेकांना पडताळून पाहण्यासाठी हवीत.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आपण दरवर्षी गावी जातो. तेथील दहा विहिरींची पातळी पावसाळ्यानंतर आणि पुन्हा मे महिन्यात मोजून वहीत नोंदवणे, एवढे काम कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही अवघड नाही. पाच वर्षांच्या अशा नोंदी ग्रामसभेपुढे ठेवल्या, तर कोणते पीक घ्यावे आणि किती उपसावे, याचा विचार करायला गावाच्या हाती स्वतःचे आकडे असतील. येत्या शिबिरापासून ही वही सुरू व्हावी, असे मला वाटते.