कोळशासाठी अख्खं शहर पाडलं, पण एक चर्च मात्र रुळांवरून ८४१ मीटर सरकवलं!

चेक प्रजासत्ताकात फिरायला जायचं म्हटलं की प्रागचा चार्ल्स ब्रिज, तिथलं खगोलीय घड्याळ, फार तर चेस्की क्रुम्लोव्ह एवढीच नावं समोर येतात. पण याच देशात, प्रागच्या वायव्येला, मोस्त नावाचं एक शहर आहे. तिथलं ४०० वर्षांहून जुनं चर्च १९७५ साली चक्क उचलून दुसरीकडे नेण्यात आलं.

असं करायची वेळ का आली?

मोस्तच्या जमिनीखाली तपकिरी कोळशाचा मोठा साठा होता. वीज आणि कारखान्यांसाठी तो हवा होता. म्हणून १९६४ साली चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट सरकारने ठरवलं, की जुनं शहर पाडायचं आणि लोकांना शेजारी बांधलेल्या नव्या मोस्तमध्ये हलवायचं. मध्ययुगापासूनचं शहर रस्त्यामागून रस्ता जमीनदोस्त होत गेलं. घरं गेली, नाट्यगृह गेलं, बिअरचा कारखानाही गेला. पाडापाडी सुरूच होती म्हणून हॉलिवूडने १९६८ मध्ये ‘द ब्रिज ॲट रेमागेन’ या युद्धपटाचं चित्रीकरण इथे केलं. त्यातली काही पडझड खरीखुरी आहे!

वाचलं ते मेरीमातेचं चर्च. १५१७ मध्ये याकोब हाइलमान या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार त्याचं काम सुरू झालं. बारीक, उंच खांब आणि त्यांवर जाळीसारखं पसरलेलं दगडी छत ही त्याची ओळख. गॉथिक शैलीच्या अखेरच्या काळातला हा उत्तम नमुना गमावणं धर्म न मानणाऱ्या सरकारलाही परवडणारं नव्हतं.

मग चर्च हलवलं कसं?

दगड वाकत नाही, तडकतो. चर्चची एक बाजू थोडी जरी खचली असती, तरी छत कोसळण्याची भीती होती. म्हणून आधी मनोरा उतरवला. भिंतींना काँक्रीट आणि पोलादाचा आधार दिला. मग इमारत पायापासून वेगळी करून ५३ हायड्रॉलिक गाड्यांवर ठेवली. जमीन वरखाली झाली की गाड्यांमधला दाब बदलायचा आणि चर्च समतल राहायचं.

३० सप्टेंबर ते २७ ऑक्टोबर १९७५ असे २८ दिवस हा प्रवास चालला. वेग होता मिनिटाला साधारण २ सेंटिमीटर! आपण दहा मिनिटांत चालत जाऊ एवढं अंतर कापायला सुमारे १० हजार टनांच्या या इमारतीला चार आठवडे लागले. रुळांवरून हलवलेली सर्वांत जड इमारत म्हणून गिनीज बुकातही तिची नोंद झाली. नव्या जागी मनोरा पुन्हा बांधला गेला.

आज तिथे काय दिसतं?

चर्च पर्यटकांसाठी खुलं आहे. जवळच मोस्त तलाव आहे. तो २०२० पासून लोकांसाठी खुला झाला. निळंशार पाणी, काठावर पोहायला आलेली माणसं, फोटोसाठी अगदी झकास जागा. पण हा तलाव म्हणजे पाण्याने भरलेली कोळशाची खाण आहे. जुनं मोस्त इथेच होतं.

अभियंत्यांची कमाल बघायला लोक चर्चमध्ये येतात. त्यांनी बाहेर पडल्यावर या पाण्याकडेही नक्की बघावं. एक इमारत कशी वाचली हे चर्च सांगतं, आणि बाकीच्या शहराचं काय झालं, हे तलाव.