गाजर गवत : परका पाहुणा झाला घरमालक

रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, वस्तीच्या उकिरड्यावर बारीक पांढऱ्या फुलांचे गाजर गवत आपण रोज पाहतो. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. हे गवत मूळचे आपले नव्हे, अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. आपल्याकडे ते १९५५ साली पुण्यात प्रथम नजरेस आले. परदेशी धान्यातून बी आले असे मानतात. आज ते देशभर पसरले आहे.

ते एवढे का फोफावले? मायदेशी त्याला खाणारे किडे आहेत. इथे कोणीच नव्हते. गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. एकेक झाड हजारो बिया टाकते. त्यातून झिरपणारी द्रव्ये शेजारच्या रोपांची वाढ खुंटवतात. मग गायरानातला चारा हटतो. ज्यांना जमीन नाही, ज्यांची शेळी गायरानावरच जगते, त्यांना पहिला फटका बसतो.

माणसालाही ते बाधते. अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, काहींना दमा होतो. उघड्या हातांनी खुरपणाऱ्या मजूर भगिनींना हा धोका अधिक.

यावर उपाय आहे. मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा भुंगेरे १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आले. पावसाळ्यात ते या गवताची पाने फस्त करतात. पण केवळ त्यांच्यावर भिस्त नको. जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी गवत मुळासकट उपटावे. उशीर केला तर बी पडते. हातात मोजे, तोंडाला फडके हवेच. आणि ते मोजे मजुराने नव्हे, काम सांगणाऱ्याने पुरवावेत.