'डाऊन'ने केला घोळ!

शुक्रवारची संध्याकाळ, लंडनच्या क्लायंटचा कॉल. 'द बोर्ड टर्न्ड इट डाऊन,' पलीकडून आवाज आला. आपण टीव्हीचा आवाज 'टर्न डाऊन' करतो ना? तसंच यांना कोटेशन कमी करून हवंय, असं माझी मैत्रीण धरून चालली. अख्ख्या टीमचा वीकएंड स्वस्तातलं कोटेशन बनवण्यात गेला. सोमवारी कळलं, प्रपोजल शुक्रवारीच नाकारलं होतं!

'टर्न' साधा, 'डाऊन'ही साधा. दोघं एकत्र आले की तिसरंच काहीतरी. 'टर्न अप' म्हणजे उगवणं, 'टर्न इन' म्हणजे झोपायला जाणं. वर यांचे नखरे! 'टर्न इट डाऊन' चालतं, 'टर्न डाऊन इट' नाही. 'लुक आफ्टर'मध्ये मात्र 'इट' शेवटीच. आणि आपलं लाडकं 'कोप अप'? तिथे 'अप' नकोच, 'कोप विथ' पुरे.

पण इंग्रजीला नावं ठेवू नका हं. 'बोलून टाकलं', 'बोलून घेतलं' आणि 'बोलून बसलो' यातला फरक एखाद्या अमराठी कलीगला समजावून बघा. आपण तरी कुठे पाठ केला होता? ऐकून ऐकूनच आला.

मैत्रीण आता कॉलवर सरळ विचारते, 'सो, इज दॅट अ नो?'