फुकेटचा 'सँडबॉक्स': साथीतलं पर्यटन, सगळ्यांनी मिळून

२०१९मध्ये थायलंडला जवळपास ४ कोटी परदेशी पाहुणे आले होते. मग कोविड आला आणि फुकेट बेट ओस पडलं. हॉटेलं बंद, टॅक्सीवाले घरी.

अख्खा देश उघडायची सोय नव्हती. मग एकच बेट उघडायचं ठरलं, हाच तो 'सँडबॉक्स'! स्थानिक हॉटेलवाले-व्यावसायिकांनी पाठपुरावा केला, सरकारने लसी आधी फुकेटकडे वळवल्या. लक्ष्य होतं ७० टक्के रहिवाशांचं लसीकरण. १ जुलै २०२१ला दार उघडलं.

कामं अशी वाटलेली 👇

🔹 सरकार: प्रवेशाचा दाखला, विम्याची अट, विमानतळावर चाचणी.
🔹 हॉटेल: 'शा प्लस' प्रमाणपत्र हवं, म्हणजे किमान ७० टक्के कर्मचारी लस घेतलेले. पाहुण्याच्या मुक्कामाची नोंद ठेवायची जबाबदारीही त्यांचीच.
🔹 पाहुणा: लसीचे डोस पूर्ण, फोनमध्ये ठावठिकाणा नोंदवणारं 'मोर चना' अ‍ॅप, सुरुवातीला १४ रात्री बेटावरच. पण खोलीत कोंडून नाही. चाचणी निगेटिव्ह आली की समुद्रकिनारा मोकळा!

मला सगळ्यात आवडलेला बारकावा: मुक्काम संपला की हॉटेल एक कागद द्यायचं. तो दाखवला तरच थायलंडमध्ये पुढे जाता यायचं. म्हणजे रिसेप्शनवरचा माणूसही आरोग्ययंत्रणेचा भाग झाला.

पाहुणे पूर्वीइतके आले नाहीत, बेटावर रुग्णही वाढले. पण मुक्कामाची अट पुढे ७ रात्रींवर आली आणि १ नोव्हेंबरपासून थायलंडने अनेक देशांच्या लसवंत प्रवाशांसाठी विलगीकरणच काढून टाकलं.

एकट्या सरकारला हे झेपलं असतं का? तुम्हाला काय वाटतं?