गुडघे टेकणारं विमान

अवाढव्य मालवाहू विमान म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: एवढं ओझं हवेत जातं तरी कसं? मोठे पंख, दमदार इंजिनं आणि लांब धावपट्टी मिळाली की ते जातं. खरी गोची होते ती जमिनीवर आणि जमाखर्चाच्या वहीत. कीव्हच्या आंतोनोव्ह संस्थेचं एएन-१२४ ‘रुस्लान’ १९८२ साली उडालं, त्याचाच वाढवलेला अवतार एएन-२२५ ‘म्रिया’ १९८८ साली. या दोघांची कारकीर्द पाहिली की एक गोष्ट ठसठशीत दिसते. असली विमानं बाजारासाठी कुणी बांधत नाही. ती सरकार बांधतं, तेही भलत्याच कामासाठी. बाजार मागाहून त्यांच्यावर आपली गरज भागवून घेतो.

रुस्लानचं नाक पाहा. ते वरच्या बाजूला उघडतं, मग पुढून दोन भक्कम टेकू जमिनीवर उतरतात, पुढची चाकं आत ओढली जातात आणि माहुतासाठी हत्ती बसावा तसं ते धूड पुढे झुकतं. घडीचा रॅम्प उलगडला की ट्रक आपल्या चाकांवर थेट पोटात. जे आपणहून चालत नाही ते उचलायला छतालाच सरकत्या क्रेन आहेत. हा सगळा खटाटोप रणगाड्यांसाठी होता: जिथे धड गोदी नाही, यंत्रं नाहीत, तिथेही माल उतरला पाहिजे. चोवीस चाकं त्याचसाठी, वजन जमिनीवर पसरावं म्हणून. एखाद्या व्यापारी कंपनीने नाक वाकवण्याच्या या यंत्रणेचं वजन आयुष्यभर वाहून नेलं नसतं. बोइंग ७४७ च्या मालवाहू विमानाची फळी जमिनीपासून जवळपास पाच मीटर उंच असते. तिथवर माल चढवायला विमानतळाचीच यंत्रं लागतात, आणि विमानाच्या बाजूच्या दारातून तीन मीटरच्या वरची वस्तू आत जात नाही. रुस्लानच्या पोटाची उंची ४.४ मीटर. हाच फरक गेली तीस-पस्तीस वर्षं भाड्याने विकला जातोय.

म्रियाचं गणित तर आणखी बोलकं आहे. ते बुरान हे अंतराळयान पाठीवर वाहण्यासाठी घडवलं. पाठीवरच्या यानामुळे मागची हवा ढवळली जाते, म्हणून शेपटीला दोन उभे पंख दिले. वजन वाचवायला मागचं दार काढूनच टाकलं. रिकाम्या विमानाचं वजन सुमारे २८५ टन, माल २५० टन, टाक्यांत इंधन ३०० टन मावणार. पण उड्डाणाची मर्यादा ६४० टनांची. म्हणजे पूर्ण माल भरला की इंधनाला जेमतेम शंभर टन उरतात. पोट आणि टाकी दोन्ही एकदम भरता येत नाहीत, आणि आकार वाढवून ही अडचण सुटत नाही, कारण पंखांचं क्षेत्रफळ वर्गाच्या पटीत वाढतं तर वजन घनाच्या. २०१६ साली प्रागहून ऑस्ट्रेलियातल्या पर्थला ११७ टनांचा जनरेटर नेताना म्रिया हैदराबादला उतरलं होतं, ते वाटेतल्या थांब्यांपैकी एक म्हणून.

यावर कुणी म्हणेल, गिऱ्हाईक आहे, भाडंही घसघशीत आहे, मग नवं बांधा. पण हे गिऱ्हाईक मोजकं आहे. रुस्लान पन्नास-पंचावन्नच बनली, आणि त्यांचा संशोधनखर्च सोव्हिएत तिजोरीने केव्हाच सोसला होता. नव्या विमानाला तो भाड्यातून वसूल करावा लागेल. ए-३८० च्या मालवाहू रूपाची मागणी फेडेक्स आणि यूपीएसने रद्द केली आणि एअरबसने तो नाद सोडला. अमेरिकेतल्या रॅडिया कंपनीने पवनचक्कीची लांबलचक पाती वाहायला ‘विंडरनर’ योजलंय खरं, पण ते वजनापेक्षा लांबीवर बेतलेलं आहे. रणगाडा किंवा जनरेटर त्याच्या हिशेबात दुय्यमच.

तोवर भार जुन्यांवरच. नोव्हेंबर २०२० मध्ये नोवोसिबिर्स्कला एका रुस्लानचं डी-१८टी इंजिन उड्डाणानंतर लगेच फुटलं. तुकड्यांनी विजेच्या तारा तोडल्या, विमान परत उतरून धावपट्टीच्या पुढे गेलं. कुणी दगावलं नाही, पण ते विमान चालवणाऱ्या कंपनीने आपली सगळी रुस्लान काही काळ जमिनीवर बसवली. ही इंजिनं युक्रेनमधल्या झापोरिझ्झ्याची, विमानं युक्रेन आणि रशिया दोघांकडे. २०१४ नंतर ही भागीदारी विस्कटली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या हल्ल्यात कीव्हजवळच्या होस्तोमेलला म्रिया नष्ट झालं, एक रशियन रुस्लान टोरांटोत अडकून पडलं, आणि युक्रेनची उरलेली मोजकी विमानं लाइपझिगहून उडू लागली. अडलेल्या गिऱ्हाइकाला आता त्यांचीच तारीख मिळवावी लागते, नाहीतर सरळ जहाज धरावं लागतं.