कोंवळा नर आणि कळपाची राखण

मागील हिवाळ्यांत एका शनिवारीं सकाळीं आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मला मालखेडच्या बाजूस असलेलें आपलें शेत पाहावयास बोलाविलें. तूर फुलोऱ्यांतून शेंगांवर येत होती; परंतु जंगलाच्या अंगाकडील ओळींतील झाडें अर्ध्यावर खुडलेलीं व पायदळीं तुडविलेलीं होतीं. धुऱ्यापलीकडे चार रोही निर्भयपणें उभे होते. एक राखी रंगाचा, उंच व गळ्याशीं केंसांचा झुपका असलेला; बाकीचे तीन भुरकट. ते गृहस्थ मला म्हणाले, “मास्तरसाहेब, हा मोठा एक पाडला तर कळप मोडते ना? बाकी तर साऱ्या माद्याच हायेत.” त्यावर त्यांचा मुलगा हळूच म्हणाला, “बाबा, तो तिसरा पाहा. त्याले लहान शिंगं हायेत. तो मादी नाहीं.”

मुलाचें म्हणणें खरें होतें. त्या एका वाक्यानें पुष्कळ प्रश्न उभे राहिले. कोंवळा नर ओळखावा कसा? जगांत ठिकठिकाणीं तो मारण्यास मनाई कां केलेली असते? मोठा नर मारल्यानें कळप खरोखर कमी होतो काय? आणि आपल्या देशाचा कायदा याविषयीं काय सांगतो? हे प्रश्न केवळ शिकाऱ्यांचे नव्हेत. ज्याच्या घरीं तूर, कपाशी किंवा हरभरा पिकतो, त्या प्रत्येकाचे आहेत. म्हणून त्यांचा क्रमानें विचार करूं.

प्रथम एक भेद ध्यानीं घ्यावा. आपण ज्यांना सरसकट हरणें म्हणतों, त्यांत दोन निराळीं कुळें आहेत. काळवीट, चिंकारा, चौशिंगा व रोही हे कुरंग होत. यांचें शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेलें पोकळ आवरण होय. तें एकदां उगवलें म्हणजे जन्मभर टिकतें व त्याला फांटे फुटत नाहींत. चितळ, सांबर व भेकर हे सारंग होत. यांच्या नरांचीं शिंगें भरीव हाडाचीं असून तीं गळून पडतात व पुन्हां नवीं येतात. तीं वाढत असतां त्यांवर मखमलीसारखें मऊ कातडें असतें. चितळ व सांबर यांच्या शिंगांना फांटे असतात. यावरून उघड आहे कीं, कुरंगाचें वय ओळखण्याची जी खूण, ती सारंगास लागू पडत नाहीं.

रोह्याचें वासरूं, नर असो वा मादी, भुरकट रंगाचेंच असतें. मादी जन्मभर तशीच राहते व तिला शिंगें नसतात. नराचा रंग मात्र वयाबरोबर पालटत जाऊन सुमारें तिसऱ्या वर्षानंतर तो राखी-निळसर होतो. म्हणून दुरून केवळ रंग पाहणारा मनुष्य कोंवळ्या नरास मादी समजतो. त्या दिवशीं माझ्या यजमानांची हीच चूक झाली. रोह्याचीं शिंगें सरळ व आंखूड असल्यामुळें तीं उंच गवतांत किंवा तुरींत सहज दिसतही नाहींत.

काळविटाचेंही असेंच आहे. कोंवळा नर मादीप्रमाणें तांबूस-पिंवळा असतो. त्याचीं शिंगें प्रथम लहान खुंटांसारखीं निघतात, मग त्यांस पीळ पडूं लागतो व वय वाढेल तसे पिळांचे फेरे वाढतात. पाठ व बाजू पूर्ण काळ्या होण्यास त्यास साधारण तीन वर्षें लागतात. तथापि काळा रंग हा एकटा पुरावा मानूं नये. कांहीं नरांचा रंग ऋतुमानाप्रमाणें फिकटही होतो. रंग, पिळांची संख्या व मानेची जाडी अशा तिन्हीं खुणा मिळूनच निर्णय करावा.

चितळाची पारख याहून कठीण. पहिल्या खेपेस त्यास बहुधा बिनफांट्याचे दोन सुळकेच येतात. पूर्ण वाढलेल्या नराच्या प्रत्येक शिंगास सामान्यतः तीन टोंकें असतात. परंतु चितळांचीं शिंगें गळण्याचा सर्वांचा एकच काळ नसतो. त्यामुळें एकाच कळपांत एकाचीं शिंगें पूर्ण, दुसऱ्याचीं मखमलींत, तर तिसऱ्याचीं नुकतींच गळलेलीं, असें दिसूं शकतें. शिंगें गळालेला जुना नर घाईंत मादी वाटतो. शिवाय चारा वाईट असला, आजार झाला किंवा फार म्हातारपण आलें, म्हणजे शिंगें खुजीं होतात. लहान शिंगें म्हणजे लहान वय, हें अनुमान म्हणून नेहमींच खरें ठरत नाहीं. अधिक भरवशाची साक्ष दांतांची. पण ती जनावर हातीं आल्यावांचून मिळत नाहीं.

अशी पारख आपल्या प्रांतांत पूर्वीं कोण करीत असे? वऱ्हाडांतील फासेपारधी करीत असत. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा या शास्त्रज्ञांनीं या समाजाच्या चालीरीतींविषयीं असें नमूद केलें आहे कीं, फाशांत पाडस किंवा गाभण मादी सांपडली तर पारधी तिला सोडून देत. ज्याचें पोट रानावर, त्यास रान उद्यांही लागणार, हें त्यास कोणी शिकवावें लागलें नाहीं. सरकारी कायद्यांत हा विचार पुढें आला. १९१२ सालच्या वन्य पक्षी व पशु संरक्षण कायद्यानें प्रांतिक सरकारांस ठराविक मुदतीपुरती शिकारबंदी जाहीर करण्याचा अधिकार दिला. परंतु मालमत्तेच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठीं जनावर मारल्यास तो कायदा लागू नव्हता. शेताची राखण म्हणून मारणें त्या काळीं सोपें होतें, तें यामुळेंच.

आतां परदेशाचें एक उदाहरण पाहूं. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार परवान्यानें चालते. तेथें मारल्या जाणाऱ्या नरांत बहुतेक दीड वर्षाचेच असत. त्यामुळें पोक्त नर दुर्मिळ झाले व माद्या फार वाढल्या. म्हणून २००२ सालीं तेथें असा नियम झाला कीं, बहुतेक भागांत नराच्या एका बाजूच्या शिंगास निदान तीन टोंकें असल्याखेरीज तो मारूं नये. टेक्सासांत कांहीं जिल्ह्यांत टोंकांऐवजीं दोन शिंगांमधील अंतर १३ इंच असावें असें ठरलें. कारण सावध उभ्या असलेल्या हरणाच्या दोन कानांच्या टोंकांमध्यें साधारण तेवढेंच अंतर असतें व शिकाऱ्यास दुरून तुलना करतां येते. हे नियम अचूक आहेत असें नाहीं. चांगला चारा मिळालेल्या दीड वर्षाच्या नरास कधीं तीन टोंकें येतात, तर दुबळ्या पोक्त नरास तीं येत नाहींत. परंतु बहुसंख्य कोंवळे नर त्यामुळें एक-दोन वर्षें अधिक जगतात. आणि ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, कळप आवरण्यासाठीं पेनसिल्व्हेनियांत त्याच सुमारास माद्या मारण्याचे परवानेही वाढविण्यांत आले.

माद्यांचे परवाने कां वाढविले, हें अंकगणितानें चटकन समजेल. समजा, एका कळपांत १० पोक्त नर व ३० माद्या आहेत. प्रत्येक मादीस वर्षास एक पिल्लूं होतें व निम्मीं पिल्लें जगतात असें धरूं. म्हणजे वर्षाची भर १५ झाली. आतां आपण ८ नर मारले. उरलेले २ नर बहुतेक सर्व माद्यांस पुरतात; म्हणून पुढील वर्षींही भर १५ च्या जवळपासच राहते. त्याऐवजीं ८ माद्या कमी झाल्या असत्या तर माद्या २२ राहून भर ११ झाली असती. रोह्यांत तर जुळीं वासरें होणें सामान्य आहे, म्हणजे त्यांची भर याहूनही जलद. तेव्हां मोठा नर पाडल्यानें कळप मोडतो ही समजूत चुकीची आहे. त्यानें शेताचें रक्षण होत नाहीं. फक्त एक जनावर मरतें, आणि कळपाची वर्षाची भर जवळपास होती तेवढीच राहते.

परंतु हें गणित वाचून कोणी बंदूक हातीं घेऊं नये. आपल्या देशांत खेळाची शिकार आज कोणत्याही वयाच्या नरास लागू नाहीं. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटास पहिल्या अनुसूचींत स्थान दिलें. १९९१ सालच्या दुरुस्तीनें शिकारीच्या परवान्यांची पद्धतच बंद झाली. काळवीट मारणाऱ्यास तीन ते सात वर्षांची कैद व दंड होऊं शकतो. पहिल्या अनुसूचींतील जनावर पीक खातें एवढ्या कारणावरून तें मारण्याची परवानगी देतां येत नाहीं. मनुष्याच्या जिवास धोका, किंवा बरा न होणारा आजार वा इजा, हींच कारणें चालतात. रोही व रानडुक्कर यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. पिकांची नासाडी होत असल्यास अधिकृत वनाधिकारी कारणें नमूद करून लेखी हुकूम देऊं शकतो; महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं त्यासाठीं कार्यपद्धति ठरवून दिली. असें मारलेलें जनावरही सरकारच्या मालकीचें असतें. लेखी हुकुमावांचून केलेलें कृत्य गुन्हाच होय.

मग कळप राखावा कसा व शेत वांचवावें कसें? काळविटांस मोकळें गवताळ रान हवें. तें नांगरलें गेलें म्हणजे तीं पिकांत शिरणारच. म्हणूनच अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें १९८० सालीं व आपल्या वऱ्हाडांत कारंजा-सोहोळ येथें २००० सालीं काळविटांसाठीं अभयारण्यें झालीं. कळप राखावयाचा तर आधीं तो मोजावा लागतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं मेळघाटांत पाणवठ्यांवरील मचाणांवर बसून जनावरांची नोंद घेण्याची वहिवाट आहे. अशा नोंदींत नुसती संख्या उपयोगी नाहीं. पोक्त नर किती, कोंवळे नर किती, माद्या व पाडसें किती, हें निराळें लिहिलें तरच कळप वाढतो कीं खालावतो तें समजतें. कोंवळा नर मादींत मोजला गेला तर सारा हिशेब चुकतो. पारखी डोळ्याचा खरा उपयोग आज बंदुकीच्या टोंकाशीं नसून वहीच्या पानावर आहे.

आतां त्या सकाळच्या गोष्टीचा शेवट सांगतों. परत निघतांना त्या गृहस्थांनीं कबूल केलें कीं, मोटारीच्या तारेवरून कुंपणांत वीज सोडण्याचा त्यांचा बेत होता. मीं त्यांस विचारलें, “पहाटे पाणी द्यायला शेतांत प्रथम कोण येतें?” त्यांनीं मुलाकडे पाहिलें व ते कांहीं बोलले नाहींत. घरच्या विजेचा सरळ प्रवाह रोही, बैल व मनुष्य असा भेद करीत नाहीं. जो प्रथम शिवेल तो मरतो. सौर झटका-कुंपणाचा प्रवाह क्षणभर येतो व थांबतो, म्हणून जनावर दचकून मागें फिरतें, मरत नाहीं. त्यास खर्च पडतो हें खरें. पण पांच शेतकरी लगत असले तर एकच लांब कुंपण सर्वांस पुरतें आणि जागलीच्या रात्रीही वांटून घेतां येतात. नुकसान झाल्यास दिवस न दवडतां वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करवून घ्यावा. भरपाईचा मार्ग तोच आहे.

त्यांनीं तार काढून टाकली. भरपाईची रक्कम नुकसानीच्या मानानें थोडी आली, हेंही मी लपवीत नाहीं. शेतकऱ्याची ती तक्रार न्याय्य आहे. परंतु यंदा त्या बाजूचे चार शेजारी मिळून कुंपण घालीत आहेत. आणि तो मुलगा धुऱ्यावर बसून एका जुन्या वहींत रोज टिपण करतो. त्याचें शेवटचें टिपण मीं पाहिलें तें असें होतें : “राखी नर १, कोंवळा नर १, माद्या २, वासरें २. आज कोंवळ्या नराच्या खांद्यावर राखी रंग दिसूं लागला.”